सगळे देश पाठ, आणि तोंडात शेरेबाजी

पत्र एका आईचं आहे. तिचा मुलगा पंधरा वर्षांचा, गेमवेडा. त्याचे तीन गेम ठरलेले. एक जिओगेसर, ज्यात रस्त्याचा फोटो दाखवतात आणि ही जगातली कुठली जागा ते ओळखायचं. दुसरा हार्ट्स ऑफ आयर्न ४, ज्यात दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला एखादा देश चालवायला घ्यायचा. तिसरा मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायचा नेमबाजीचा गेम. झेंडे, राजधान्या, १९३६ सालच्या युरोपच्या सीमा, सगळं त्याला तोंडपाठ. बाबांना कौतुक, पाहुणे आले की ते त्याची परीक्षा घेतात आणि तो एकही उत्तर चुकत नाही. शाळेत भूगोलाचे मार्क मात्र जेमतेम पासापुरते. आईला खुपतं ते वेगळंच. 'हा देश? दहा मिनिटांत घेतो मी', 'त्या देशाचे प्लेअर म्हणजे सगळे चीटर' ही भाषा आता जेवतानाही ऐकू येते. मध्यंतरी परदेशात शिकणाऱ्या ताईचा व्हिडिओ कॉल चालू होता. तिच्या खोलीतली मैत्रीण आफ्रिकेतल्या एका देशातली. हा कॅमेऱ्यात डोकावला आणि त्याने विचारलं, 'तुमच्या देशात रस्ते आहेत का? मला तर कधी दिसलेच नाहीत.' मैत्रीण कसंनुसं हसली. ताईने कॉल बंद केला आणि तेव्हापासून भावाशी बोलणं टाकलं. बाबा म्हणतात, पोरगं आहे, गंमत केली. आई विचारते: 'याला ज्ञान म्हणायचं की डोक्यात भरलेला कचरा? गेम बंदच करून टाकू का?'

तुमच्या पत्रात मी सगळ्यात जास्त वेळ थांबले ते मुलाच्या त्या एका वाक्यापाशी. 'मला तर कधी दिसलेच नाहीत.' बोलणं उद्धट होतं, त्या मुलीला लागलं असणार, आणि त्याचं काय करायचं ते पुढे सांगते. पण तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच दिसले नसतील. का दिसले नाहीत, हा प्रश्न मात्र त्याला पडलेला नाही, आणि घरात कुणी तो त्याला विचारलेलाही दिसत नाही.

जिओगेसर २०१३ मध्ये स्वीडनमध्ये तयार झाला. तो मुख्यतः गूगलच्या स्ट्रीट व्ह्यूच्या फोटोंवर चालतो. म्हणजे छतावर कॅमेरा लावलेली गाडी जिथे फिरली, तेवढंच जग त्या गेममध्ये आहे. जिथे गाडी गेली नाही तो देश गेमच्या लेखी जवळपास नाहीच. आता गाडी का गेली नसेल? आपण पटकन म्हणतो, गरीब देश असेल, रस्ते नसतील. मग जर्मनीचं काय करायचं? तिथे रस्त्यांना काय तोटा? तरीही २०१० मध्ये वीस मोठ्या शहरांचे फोटो यायच्या वेळी खासगीपणाच्या मुद्द्यावरून तिथे रान उठलं. जवळपास अडीच लाख घरांनी 'आमचं घर पुसट करा' असे अर्ज केले. गूगलने पुढचं काम थांबवलं आणि २०२३ पर्यंत जग जर्मनीचे तेच जुने फोटो बघत राहिलं. भारतात २०१६ मध्ये सरकारने सुरक्षेचं कारण देऊन परवानगी नाकारली. २०२२ मध्ये भारतीय कंपन्यांना बरोबर घेऊन दहा शहरांपासून सुरुवात झाली. तेव्हा त्या नकाशात जागा कोरी दिसली, तर तिच्यामागे कायदा असू शकतो, लोकांचा हट्ट असू शकतो, कंपनीचा हिशेब असू शकतो. रस्ता नसणं हे या यादीत फार खाली येतं.

याहून गमतीची गोष्ट तुम्हाला तुमचा मुलगाच सांगेल. त्याला विचारा, केनिया कसा ओळखतोस? या गेममध्ये मुरलेली मुलं केनिया झाडांवरून किंवा पाट्यांवरून ओळखायला जातच नाहीत. फोटो काढणाऱ्या गाडीला पुढच्या बाजूने वर आलेली एक काळी नळी आहे, स्नॉर्केल. फोटो जरा खाली फिरवला की ती कडेला दिसते. ती दिसली की केनिया. घानातल्या गाडीच्या टपावरच्या दांडीला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली आहे. ती दिसली की घाना. मंगोलियात टपावर तंबूचं सामान बांधलेलं दिसतं. असे डोळे तयार व्हायला मेहनत लागते आणि ती मी कमी लेखत नाही. पण घडलं काय ते बघा. मुलाने दोन सेकंदांत 'केनिया' म्हटलं, भरपूर गुण खिशात घातले, आणि केनियाकडे त्याने पाहिलंच नाही. पाहिलं ते गाडीकडे.

त्याच्या बाबांनी हे वाचलं तर त्यांना वाईट वाटू नये. गाड्या रस्त्याच्या कुठल्या बाजूने चालतात, पाटीवरची लिपी सिरिलिक की थाई, विजेचे खांब लाकडाचे की सिमेंटचे, मातीचा रंग कसा, मधली रेघ पिवळी की पांढरी, एवढं सगळं निरखणाऱ्या मुलाच्या डोक्यात कचरा भरलाय असं मी तरी म्हणणार नाही. फक्त हे सगळं 'कुठे'चं ज्ञान आहे आणि शाळेचा पेपर 'का' विचारतो. म्हणून घरात वाहवा आणि परीक्षेत बोंब. पाहुण्यांसमोर राजधान्या विचारून बाबाही 'कुठे'लाच टाळ्या देतात.

हा 'का' शिकवायला शिकवणी लावायची गरज नाही, त्याच्या गेममध्येच सगळा माल पडलेला आहे. एकदा त्याला विचारा: एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने नॉर्वेवर हल्ला का केला? तो बहुधा लगेच म्हणेल, लोहखनिजासाठी. हे एक मोठं कारण होतंच. पण खनिज तर स्वीडनमध्ये, किरुनाच्या खाणीत. मग नॉर्वे कशाला? कारण उन्हाळ्यात ते खनिज लुलेओ बंदरातून बाल्टिकमार्गे जात असे, पण हिवाळ्यात तिकडचा समुद्र गोठतो. तेव्हा ते रेल्वेने डोंगरापलीकडे नॉर्वेच्या नार्विक बंदरात न्यावं लागे. आता खरी मेख. नार्विक आर्क्टिक वृत्ताच्याही उत्तरेला आहे आणि लुलेओ त्या वृत्ताच्या दक्षिणेला. उत्तरेचं बंदर उघडं आणि दक्षिणेचं बर्फात, हे उलटं कसं? इथे त्याला अडू द्या, उत्तर देऊ नका. त्याला शोधता येईल: अटलांटिकमधून वर येणारा उबदार प्रवाह नॉर्वेच्या किनाऱ्याला घासून जातो, आणि लुलेओच्या आखाताचं पाणी कमी खारट असल्याने लवकर गोठतं. सागरी प्रवाह, क्षारता, खनिजसंपत्ती, बंदरं, वाहतूक. पाठ्यपुस्तकातले पाच धडे एका लढाईत आले, आणि ती लढाई त्याने पन्नासदा खेळलेली आहे. रबराचंही तसंच. गेममध्ये रबर मलायात मिळतं हे त्याला माहीत आहे. पण रबराचं झाड मुळात ॲमेझॉनचं. ते तिथून आशियात कसं आलं, कुणी नेलं, आणि नॉर्वेत का लावलं नाही, हे त्याला विचारून बघा.

आता 'दहा मिनिटांत घेतो मी'कडे. हार्ट्स ऑफ आयर्न स्टॉकहोमची पॅराडॉक्स ही कंपनी बनवते. चौथा भाग २०१६ चा. त्यात देश म्हणजे भरती करण्याजोगी माणसं, पोलाद, तेल, रबर आणि कारखाने. यात चोरी काही नाही, गेमला काहीतरी मोजावंच लागतं. पण मोजलेलं सगळ्यांना सारखं मिळालेलं नाही. गेम बाजारात आला तेव्हा जर्मनी, ब्रिटन, सोव्हिएत संघ अशा बड्या सत्तांसाठी धोरणांचं स्वतंत्र झाड, म्हणजे एका निर्णयातून पुढचे निर्णय फुटत जाणारी यादी, लिहिलेलं होतं, आणि बाकी बहुतेक जगाला एकच सामायिक झाड. इथियोपिया, पेरू, सयाम, सगळे एका साच्यातले. पुढे एकेका देशाची झाडं पैसे देऊन घ्यायच्या जोडभागांतून आली. ब्रिटिश राजचं झाडही त्यातूनच आलं. एखादा देश गेममध्ये पोकळ, सहज गिळता येण्यासारखा वाटतो तेव्हा तो दुबळा होता म्हणूनच असं नाही. बऱ्याचदा त्याच्यावर कुणी काही लिहिलेलंच नसतं. तुमच्या मुलाला हे पटायला वेळ लागणार नाही, कारण जोडभाग आल्यावर तोच देश खेळायला किती वेगळा झाला हे त्याने स्वतः अनुभवलेलं असेल.

त्याच गेममध्ये ज्यूंचा संहार नाही. छळछावण्या नाहीत. असला प्रकार खेळण्यासाठी देऊ नये हा निर्णय मला योग्यच वाटतो. पण त्यामुळे जर्मनी घेऊन खेळणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलासमोर जे युद्ध येतं ते धुतलेलं, इस्त्री केलेलं असतं. त्यातून काय काढून टाकलंय हे त्याला कुणीतरी मोठ्या माणसाने सांगायला हवं, आणि ते काम गेम करणार नाही.

गेममधल्या नकाशाला राज्यकर्तेही पोरखेळ समजत नाहीत. या मालिकेच्या पहिल्या भागावर चीनने २००४ मध्ये बंदी घातली, कारण त्यात मांचुरिया, तिबेट, शिनच्यांग वेगळे दाखवले होते. जर्मनीत अनेक वर्षं गेममधलं स्वस्तिक काढून टाकावं लागे. २०१८ पासून संदर्भ बघून परवानगी मिळू लागली. आणि आक्षेप फक्त सरकारंच घेतात असं नाही. सिव्हिलायझेशन ६ या राज्य वाढवत न्यायच्या गेममध्ये २०१८ साली कॅनडातल्या क्री लोकांचा एकोणिसाव्या शतकातला नेता पाउंडमेकर आला, तेव्हा त्याच्याच समाजातल्या प्रमुखाने जाहीर नाराजी दाखवली. त्याचं म्हणणं असं की दुसऱ्याची जमीन जिंकत जायचं ही वसाहतवाल्यांची वृत्ती गेमने आमच्या लोकांच्या गळ्यात मारली. हा मुद्दा मला फार नेमका वाटतो. जगातला प्रत्येक समाज संधी मिळताच पसरायला बघतो, हे त्या गेमच्या नियमातच बसवलेलं आहे. कुठलाही देश निवडा, खेळताना तुम्ही तसेच वागणार.

नेमबाजीचा गेम कुठला ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून एक गाजलेलं उदाहरण देते. कॉल ऑफ ड्यूटीच्या २०१९ च्या मॉडर्न वॉरफेअरमध्ये उर्झिकस्तान नावाचा काल्पनिक देश आहे आणि त्यात 'हायवे ऑफ डेथ' नावाचा रस्ता. पळणाऱ्यांवर तिथे रशियनांनी बाँब टाकले असं गेममधली पात्रं सांगतात. खऱ्या जगात या नावाने ओळखला जाणारा रस्ता कुवेतहून बसऱ्याकडे जातो, आणि १९९१ मध्ये त्यावर बाँब टाकले ते अमेरिकेच्या नेतृत्वाखालच्या फौजांनी. गेम बनवणारा स्टुडिओ अमेरिकन. देश खोटा, नाव खरं, आणि दोष दुसऱ्याच्या माथी. 'हा गेम कुठे बनला, आणि यातला दुष्ट कुठल्या देशाचा आहे?' एवढं विचारायची सवय जरी मुलाला लागली तरी पुष्कळ झालं. ही सवय त्याला बातम्या बघतानाही उपयोगी पडेल.

'सगळे चीटर' या शेऱ्याकडे मात्र जरा जवळून बघायला हवं, कारण इथे आपल्याकडे पुरावा आहे असं त्याला मनापासून वाटत असणार. ऑनलाइन गेममध्ये प्रत्येकाची हालचाल आधी सर्व्हरकडे, म्हणजे गेम चालवणाऱ्या मधल्या संगणकाकडे, जाते आणि तिथून बाकीच्यांकडे. या जाण्यायेण्याच्या वेळेला मुलं पिंग म्हणतात. सर्व्हर जवळ असला तर पिंग वीस-तीस मिलिसेकंद, दुसऱ्या खंडात असला तर दोनशेच्या घरात. आता मोठ्या गेमचे आफ्रिकेतले सर्व्हर असले तर बहुतेक दक्षिण आफ्रिकेत असतात. नायजेरिया किंवा केनियातल्या मुलाला मग कधी तिकडच्या, कधी युरोपच्या सर्व्हरवर जागा शोधावी लागते. हा उशीर भरून काढायला बरेच गेम एक युक्ती करतात: गोळी झाडणाऱ्याला त्या क्षणी स्वतःच्या पडद्यावर जे दिसत होतं ते सर्व्हर खरं धरतो. त्यामुळे तुमचा मुलगा पळत भिंतीआड पोचलेला असतो, पण दुसऱ्याच्या उशिरा आलेल्या चित्रात तो अजून उघड्यावरच असतो. तिकडून गोळी सुटते, इकडे हा मरतो. याच्या डोळ्यांदेखत गोळी भिंतीतून आली! वर तो दूरचा खेळाडू पडद्यावर अडखळत, एका जागेवरून दुसरीकडे टुणकन उडी मारल्यासारखा दिसतो. हे सगळं चीटिंगसारखंच दिसतं, आणि असतो बहुतेक वेळा अंतराचा आणि समुद्राखालच्या तारांचा खेळ. खरे चीटरही असतात, आणि ते कुठल्याही देशात सापडतात. पण दुरून खेळायला येणारे बहुधा त्याच चार देशांतले असल्याने शिक्का त्या देशांवर बसतो. मुलाला म्हणावं, पुढच्या वेळी शिवी देण्याआधी त्या खेळाडूचा पिंग बघ.

'त्या देशाचे लोक असेच' म्हणण्याआधी इतिहास बघितला तर आणखीही गमती सापडतात. दक्षिण कोरियात संगणकावरच्या गेमचं एवढं प्रस्थ का? तिथे जपानी सांस्कृतिक मालावर अनेक दशकं निर्बंध होते, ते १९९८ पासून टप्प्याटप्प्याने उठले; तोवर जपानी कन्सोलना, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रांना, तिथे नीट पाय रोवता आले नव्हते. १९९७ च्या आर्थिक संकटानंतर गल्लोगल्ली पीसी बांग, म्हणजे गेमिंग कॅफे निघाले आणि नेमका १९९८ मध्ये स्टारक्राफ्ट हा संगणकावरचा गेम आला. चीनमध्ये २००० पासून २०१५ पर्यंत कन्सोलच्या विक्रीवरच बंदी होती, त्यामुळे एक अख्खी पिढी संगणक आणि फोनवर वाढली. ज्याला आपण देशाचा स्वभाव म्हणतो तो पुष्कळदा सरकारी आदेशाचा परिणाम असतो.

एक प्रश्न तुम्हालाही विचारते, रागावू नका. 'अमका देश म्हणजे भिकारडा', 'तमक्यांवर विश्वास ठेवूच नये' अशी वाक्यं घरात फक्त मुलाच्याच तोंडी असतात का? बातम्या लागल्यावर, क्रिकेटची मॅच चालू असताना, मोठी माणसं काय बोलतात? मी उत्तर गृहीत धरत नाही. पण मुलं शेरेबाजीचा सूर हेडफोनमधून जितका उचलतात तितकाच दिवाणखान्यातूनही उचलतात, आणि गेम बंद केला तरी दिवाणखाना चालूच राहतो.

आता बंद करण्याबद्दल. झोप, अभ्यास, डोळे यांसाठी वेळेची मर्यादा घालायची असेल तर खुशाल घाला, तो तुमचा अधिकार आहे आणि त्याला या सगळ्याशी जोडायची गरज नाही. पण शिक्षा म्हणून गेम हिसकावला तर पदरात काय पडेल? दक्षिण कोरियाने २०११ मध्ये कायदाच केला होता: सोळा वर्षांखालच्या मुलांना मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत ऑनलाइन गेम बंद. कायदा मुख्यतः संगणकावरच्या गेमपुरता, आणि मुलं तोवर फोनकडे वळलेली. दहा वर्षांनी सरकारने स्वतःच तो मागे घेतला. चीनने २०२१ पासून मुलांसाठी आणखी कडक नियम केला, शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढाच तास. तुमच्या हातात ना पोलीस ना सर्व्हर. मुलगा तोच गेम दुसऱ्याच्या व्हिडिओत बघेल, शेरेबाजी मित्रांत करेल, आणि आज जे निदान तुमच्या कानावर पडतंय तेही पडायचं थांबेल. माझं मत विचाराल तर बंद करू नका. तुम्हीच अधूनमधून त्याच्या शेजारी जाऊन बसा. गेम शिकायला नव्हे. 'हे इथे असं का दाखवलंय?' एवढं विचारायला.

सगळ्यात आधी मात्र तो व्हिडिओ कॉल. बाबा म्हणतात गंमत केली. पण ती गंमत मैत्रिणीला कशी लागली हे बाबा ठरवू शकत नाहीत. माफी मागायला हवी, आणि ती आधी ताईची, कारण खोली तिला वाटून घ्यायची आहे. मैत्रिणीला निरोप पाठवायचा की नाही हे ताईला ठरवू द्या. पाठवायचा झाला तर दोनच वाक्यांचा: मी मूर्खासारखं बोललो, माझी चूक झाली. त्याच्यापुढे 'पण गेममध्ये...' अशी शेपूट नको. आणि माफीच्या निमित्ताने त्या मुलीकडून तिच्या देशाची माहिती वदवून घेऊ नका. आपल्या देशात रस्ते आहेत हे सिद्ध करणं तिचं काम नाही. तिच्या देशाबद्दल कुतूहल असेल तर मुलाने स्वतः वाचावं: तिथली वर्तमानपत्रं इंग्रजीत असतील तर आठवडाभर त्यांचे मथळे बघावेत. वाहतूक कोंडीच्या तक्रारी पहिल्याच दिवशी भेटतील.

गेममध्येच काही वेगळं द्यायचं असेल तर 'नेव्हर अलोन' हा २०१४ चा गेम या वयाला छान आहे. अलास्कातल्या इन्युपियाक लोकांची कथा, त्यांच्याच ज्येष्ठ कथेकऱ्यांबरोबर बसून केलेली. निवेदन त्यांच्या भाषेत, आणि खेळता खेळता त्या लोकांचे छोटे माहितीपट उघडत जातात. 'चिया' हा २०२३ चा, पॅसिफिकमधल्या न्यू कॅलेडोनियावरून सुचलेला. बनवणारे मूळचे तिथलेच. 'धिस वॉर ऑफ माइन' हा वॉर्साच्या स्टुडिओचा गेम बोस्नियातल्या युद्धात सारायेव्हो शहराला पडलेल्या वेढ्यावरून सुचला; त्यात तुम्ही सैनिक नसता, अन्न आणि औषधं शोधणारी साधी माणसं असता. पोलंडने २०२० मध्ये तो शाळांच्या शिफारस यादीत घेतला, पण मोठ्या विद्यार्थ्यांसाठी. युरोपात त्याला अठराची वयोमर्यादा आहे, तेव्हा आधी तुम्ही बघा आणि मग ठरवा.

मला स्वतःला सगळ्यात आवडणारा उपाय वेगळा आहे: त्याला नकाशा बनवायला लावा. ओपनस्ट्रीटमॅप हा जगभरच्या हौशी लोकांनी मिळून केलेला नकाशा आहे, त्यात कुणालाही भर घालता येते. आपल्या वस्तीतल्या वाटा, पाणपोई, दवाखाना, इमारतींचे मजले त्याला भरू द्या. आणि कामाला बसण्याआधी मेलबर्नची गोष्ट सांगा. तिथल्या उपनगरातल्या एका साध्या इमारतीच्या याच नकाशातल्या नोंदीत कुणीतरी २ मजल्यांच्या जागी २१२ टाइप केलं. चूक पुढे दुरुस्त झाली, पण तोवर जुनी माहिती दुसरीकडे गेली होती, आणि मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर या विमान उडवायच्या २०२० च्या गेममध्ये सपाट वस्तीच्या मधोमध आकाशात घुसणारा एक सुळका उभा राहिला. लोक मुद्दाम विमान घेऊन तो बघायला जायचे.

एका बाबतीत मात्र डोळे उघडे ठेवा. महायुद्धाच्या गेमभोवती जमणाऱ्या ऑनलाइन गटांत नाझींची चिन्हं, वंशद्वेषी विनोद 'गंमत' म्हणून फिरवणारे लोक असतात. मुलगा कुठल्या गटात आहे, तिथे काय पाठवतो, हे एकदा त्याच्याबरोबर बसून, त्याला सांगून बघा. नेमबाजीच्या गेममध्ये अनोळखी लोकांचा आवाज बंद ठेवायची सोय बहुतेक ठिकाणी असते, ती आजच वापरा. तो विनोदावर हसत असेल तर बोलून भागेल. पण एखाद्या देशाच्या किंवा धर्माच्या लोकांना जगायचा हक्कच नाही असं तो गंभीरपणे मांडू लागला, त्याबद्दल विचारल्यावर लपवाछपवी करू लागला, जुने मित्र तोडू लागला, तर प्रश्न गेमचा राहिलेला नाही. तेव्हा वाट न पाहता शाळेतल्या समुपदेशकांना भेटा, आणि बाबांना बरोबर घेऊन जा.